ठासणीच्या बंदुकीचा पल्ला

१

आमच्या ऐतिहासिक कादंबरीतली गोळी सहसा चुकत नाही. नायकाच्या हातची असेल तर ती शत्रूच्या कपाळावर बसते. शत्रूच्या हातची असेल तर नायकाच्या दंडाला चाटून जाते, फार तर त्याच्या फेट्याचा शेमला उडवते. गेली कित्येक वर्षे मी हे वाचीत आलो आणि, सांगायला संकोच वाटतो, लिहीतही आलो. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. येवल्यात एका लहानशा शाळेत मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. समीक्षेचे शास्त्र मला अवगत नाही. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते एका लेखकाने स्वतःच्या चुकीची केलेली तपासणी म्हणून वाचावे. ती चूक माझ्या एकट्याची नाही, असे तपासणीच्या शेवटी मला वाटू लागले, एवढेच.

गोष्ट अशी झाली. माझी एक कादंबरी १८५७ सालच्या आमच्या भागातील भिल्लांच्या उठावावर आहे. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला नांदूर शिंगोट्याच्या परिसरात भागोजी नाईकाच्या लोकांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी मारला गेला, आणि पुढे दोन वर्षे हा उठाव धुमसत राहिला. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातील मिठसागरे येथे भागोजी पडला तेव्हा तो विझला. एवढा इतिहास. या इतिहासाच्या कडेला मी एक काल्पनिक भिल्ल तरुण आणि एक काल्पनिक गोरा अधिकारी उभा केला. माझा भिल्ल टेकडीवरच्या खडकाआड बसतो, खालून घोड्यावर चाललेल्या अधिकाऱ्यावर तोड्याच्या बंदुकीचा नेम धरतो, आणि मी लिहून जातो: 'तीनशे पावलांवरून सुटलेली गोळी साहेबाच्या दोन्ही भुवयांच्या मधोमध घुसली.' हे वाक्य लिहिल्यावर मी स्वतःवरच खूष झालो होतो, हे मला चांगले आठवते.

एका रविवारी सकाळी गावातले एक निवृत्त सुभेदार ती कादंबरी काखेत मारून माझ्या घरी आले. पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"मास्तर, ही गोळी तुम्ही कुठून आणली?"

मला वाटले ते त्या प्रसंगाच्या ऐतिहासिक आधाराविषयी विचारत आहेत. मी सांगू लागलो, "सुभेदारसाहेब, हा प्रसंग तसा काल्पनिक..."

"प्रसंग असू द्या हो काल्पनिक. बंदूक तर खरी आहे ना? तीनशे पावले म्हणता. तुम्ही तीनशे पावले कधी चालून पाहिलीत? चालून जा आणि मागे वळून बघा, माणसाच्या भुवया दिसतात का."

चहा घेऊन ते गेले. पुस्तक मात्र माझ्यापाशीच ठेवून गेले.

२

त्या दिवशी मला माझे कुडाळकडचे मामा आठवले. आईचे माहेर तिकडचे. लहानपणी भाद्रपदात दोन-तीनदा मी तिकडे राहिलो आहे. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत. मामांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. तिचे काम मुख्यतः आवाज काढून जनावर पळवण्याचे. परंतु हंगामाच्या तोंडाशी मामा तिची परीक्षा घेत, आणि ती परीक्षा पाहणे हा आम्हा मुलांचा सोहळा असे.

प्रथम ते नळी तेलाच्या चिंधीने पुसून काढीत. मग दारू न भरता नुसती टोपी उडवून कान मोकळा आहे ना ते पाहत. पितळी मापट्याने दारू मोजून नळीत ओतायची, वर नारळाच्या सोडणाचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, तीही गजाने पार तळापर्यंत. गज किती आत गेला त्याची त्यांनी खूण करून ठेवलेली होती. खूण बाहेर राहिली तर गोळी मध्येच अडकली असे समजायचे आणि घोड्याला हात लावायचा नाही. जांभ्याच्या उंच दरडीला टेकवून एक जुने सूप उभे करायचे आणि सुपाच्या मधोमध चुन्याचा वाटीएवढा ठिपका द्यायचा. दरड अशासाठी, की गोळी पलीकडे कोणाच्या वाडीत जाऊ नये.

वीस पावलांवरून मामांच्या तिन्ही गोळ्या चुन्याच्या ठिपक्यात किंवा त्याच्या काठावर लागत. चाळीस पावलांवरून तिन्ही सुपात, पण एखादी पार कडेला. साठ पावलांवरून तिनांतली एक लागायची. मला अजून आठवते ते हे, की साठ पावलांवरची चूक दर वेळी निराळ्या बाजूला असे. एक गोळी सुपाच्या डावीकडे दरडीचा लाल चुरा उडवी, दुसरी उजवीकडे, तिसरी वर. मी विचारले होते, "मामा, थोडा उजवीकडे नेम धरला तर?" मामा हसले आणि म्हणाले, "बाबू, चाळीस पावलांपर्यंत ही बंदूक माजी. फुडे ती देवाची."

मामा फारसे शिकलेले नव्हते. पण त्यांनी जे सांगितले तेच बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफाविद्येवरच्या आपल्या ग्रंथात शास्त्रीय रीतीने मांडले होते. गुळगुळीत नळीची बंदूक समोरून ठासायची, तर गोळी नळीहून किंचित लहान असावी लागते. नाहीतर ती आतच उतरणार नाही. मग बार उडाला की ती नळीच्या भिंतींवर आपटत आपटत बाहेर पडते आणि शेवटच्या आपटीप्रमाणे स्वतःभोवती भलतीच गिरकी घेऊ लागते. या गिरकीमुळे ती हवेत वाकडी जाते. गिरकी दर खेपेस निराळी, म्हणून वाकडेपणाही निराळा. चूक नेहमी एकाच बाजूची असती तर नेमबाजाने ती सुधारून घेतली असती. जी चूक स्वभावतःच अनियमित आहे तिला उपाय नाही. जॉर्ज हँगर या इंग्रज कर्नलाने १८१४ साली शिपायांच्या साध्या बंदुकीविषयी असाच निर्वाळा दिला होता: माणूस ऐंशी यार्डांवर टिपता येईल, कदाचित शंभरावरही, पण दोनशे यार्डांवरच्या माणसावर नेम धरणे व्यर्थ. यार्ड म्हणजे साधारण सव्वा पाऊल. म्हणजे कंपनीच्या कारखान्यात घडलेल्या बंदुकीचा विश्वासाचा पल्ला शंभर-सव्वाशे पावलांचा. मग आमच्याकडच्या लोहाराने घडवलेल्या, तोडा लावून उडवायच्या बंदुकीचा किती असेल तो वाचकांनीच अजमावावा.

३

एवढे झाले तरी माझ्यातला लेखक हार मानायला तयार नव्हता. मामांची बंदूक जुनी असेल, हँगरचा शिपाई आळशी असेल; माझा भिल्ल रानात वाढलेला, त्याची नजर घारीची! म्हणून मी शेवटी सुभेदारांनी सांगितले ते केले. शाळेच्या मागे मोकळे रान आहे. आठवीची सहा मुले घेतली, गणिताच्या तासाची लाकडी मीटरपट्टी घेतली आणि पट्टीच्या टोकाला आगपेटीतली एक काडी उभी बांधली. काडीची जाडी दोन मिलिमीटर. बंदुकीच्या तोंडाशी नेम धरण्यासाठी जी माशी असते ती मामांच्या बंदुकीवर जोंधळ्याच्या दाण्याएवढी होती. म्हणजे काडी घेऊन मी माझ्या भिल्लावर मेहेरबानीच करीत होतो. पट्टीचे एक टोक गालाशी धरायचे आणि काडीआडून समोरचा मुलगा किती झाकला जातो ते पाहायचे. एक पाऊल पाऊण मीटरचे धरले.

पन्नास पावलांवर काडीने समोरच्या मुलाचे साडेसात सेंटिमीटर झाकले. एक डोळा आणि नाक. त्याचा चेहरा ओळखू येत होता, तो हसू दाबतो आहे हेही दिसत होते. शंभर पावलांवर पंधरा सेंटिमीटर, म्हणजे अख्खा चेहराच काडीआड गेला. दोनशेवर तीस सेंटिमीटर. काडीच्या दोन्ही बाजूंना खांदे तेवढे उरले. तीनशे पावलांवर पंचेचाळीस सेंटिमीटर. मुलगा काडीच्या मागे नाहीसा झाला. काडी बाजूला करून पाहिले तर एक पांढरा सदरा उभा होता. तो कोणाचा आहे, हे बरोबरची मुले सांगू शकली नाहीत, आणि ती रोज त्याच्या शेजारी बसतात.

मग वर्गात येऊन फळ्यावर हिशेब केला. गोल गोळी हवेत फार लवकर मंदावते. तरी तिचा सरासरी वेग सेकंदाला ३०० मीटर धरू. २२५ मीटर जायला तिला पाऊण सेकंद लागेल. पाऊण सेकंदात कोणतीही वस्तू पावणेतीन मीटर खाली पडते. मग ती फळ्यावरून पडलेला खडू असो की बंदुकीतून सुटलेली गोळी. म्हणजे साहेबाच्या भुवयांवर गोळी पोहोचवायची तर नेम त्याच्या डोक्यावर पावणेतीन मीटर, रिकाम्या आकाशात धरायला हवा. माझा भिल्ल टेकडीवर होता म्हणून हा आकडा थोडा कमी होईल, पण मिटणार नाही. तेवढ्या वेळात सावकाश चालणारे घोडेसुद्धा सव्वा मीटर पुढे जाते. तोडा कानाला लागून दारू पेटायला जो क्षण जातो तो वेगळा. एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग तो साहेब मेला कसा?" मी म्हणालो, "मी मारला म्हणून मेला." मुले हसली. मला मात्र त्या उत्तराने रात्री बराच वेळ झोप आली नाही.

४

येथे एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. माझ्या एका प्राध्यापक मित्राने तो घेतलाही. ते म्हणाले, "कादंबरी म्हणजे पदार्थविज्ञानाचे पुस्तक नव्हे. वाङ्मयातले सत्य निराळे असते. अर्जुनाने मत्स्यभेद केला तेव्हा तुम्ही पावले मोजलीत का?"

आक्षेप वजनदार आहे आणि त्याचा अर्धा भाग मला मान्य आहे. नाथमाधवांचे उदाहरण घ्यावे. द्वारकानाथ माधव पितळे हे स्वतः शिकारी. सिंहगडावर शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळून ते कायमचे जायबंदी झाले, आणि त्यानंतर त्यांची लेखणी चालू लागली. बंदूक म्हणजे काय हे त्यांना आपल्यापैकी कोणाहूनही अधिक ठाऊक होते. तरीही १९१३ सालच्या 'वीरधवल'मध्ये कोणी पावले मोजीत बसत नाही आणि बसूही नये. ती अद्भुतरम्य कथा आहे. लेखकाने पहिल्याच पानापासून वाचकाचा हात धरून त्याला अद्भुताच्या राज्यात नेले आहे. तेथली गोळी तेथल्या कायद्याने चालते. पण मी माझ्या कादंबरीत काय केले होते? तारीख दिली होती, गावांची नावे दिली होती, प्रस्तावनेत गॅझेटियर पाहिल्याचे अभिमानाने सांगितले होते. वाचकाला मी शब्द दिला होता की हे असे घडणे शक्य होते. एका हाताने गॅझेटियर दाखवायचे आणि दुसऱ्या हाताने मंतरलेली गोळी सोडायची, हा व्यवहार सचोटीचा नाही. अद्भुत लिहिणे हा दोष नव्हे. इतिहासाच्या मापात अद्भुत तोलून विकणे हा दोष आहे.

आणि अर्जुनाचे म्हणाल, तर महाभारतातली नेमबाजीची जी कथा आमची मुले सर्वांत आधी ऐकतात ती पल्ल्याची नाहीच. द्रोणाचार्य शिष्यांना झाडावरचा पक्षी दाखवतात आणि विचारतात, तुला काय दिसते? कोणाला झाड दिसते, कोणाला फांदी, कोणाला भोवतीची माणसे. अर्जुनाला पक्षीच दिसतो, आणि त्याचेही फक्त डोके. झाड किती लांब होते हे सांगण्याची व्यासांना गरज वाटली नाही. त्यांनी नेमाचा प्रश्न दृष्टीचा केला. आम्ही मात्र दृष्टी सोडली आणि अंतर तेवढे वाढवीत बसलो.

आमच्या जुन्या गद्याकडे पाहिले म्हणजे हा फरक अधिक जाणवतो. बखरकारांना अतिशयोक्तीचे वावडे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु सभासदाने १६६५ सालच्या पुरंदरच्या वेढ्यातला मुरारबाजीचा शेवट कसा सांगितला आहे ते पाहावे. दिलेरखान त्याला मारतो तो बाणाने. तोफा-बंदुकांचे युग चांगले मुरलेले असताना मोगल सरदार हातात कमान घेतो! आजचा कादंबरीकार तेथे नक्कीच बंदूक घालील, कारण ती त्याला अधिक भारी वाटेल. पण तोड्याची बंदूक भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कसलेला तिरंदाज कितीतरी बाण सोडतो, आणि जवळच्या अंतरावर त्याचा बाण गोळीइतकाच भरवशाचा असतो. ज्या काळात ही हत्यारे लोकांच्या रोजच्या पाहण्यातली होती त्या काळच्या माणसाने हे लिहिले आहे. त्याच्या कल्पनेला व्यवहाराचा लगाम होता.

विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' याच कारणासाठी मला आमच्या गद्यातला मोठा ग्रंथ वाटतो. वरसईचा हा भिक्षुक द्रव्य मिळवायला उत्तरेत गेला आणि १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडला. त्याच्या हाती हत्यार नव्हते आणि त्याला शूर दिसायचे नव्हते. म्हणून त्याच्या लिहिण्यातली तोफ ही उडवणाऱ्याची नाही, तर ऐकणाऱ्याची आणि लपणाऱ्याची आहे. तिचा पल्ला तो आकड्यांत सांगत नाही. पण शहरातला माणूस कोठे आणि कसा दडतो आहे यावरून तो आपल्याला कळतो. मोजमाप न देताही मोजमापाशी इमान राखता येते, त्याचा हा वस्तुपाठ आहे.

५

आता मुख्य मुद्दा. गोळीचा पल्ला वाढवल्याने बिघडते काय? तांत्रिक चूक झाली, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केली, संपले. मलाही आधी तसेच वाटले होते. पण विचार करता करता ध्यानात आले की या एका चुकीने माझ्या कादंबरीचा अर्थच उलटा केला होता.

ज्या बंदुकीने सत्तावनच्या उठावाला निमित्त दिले तीही ठासणीचीच होती. १८५३ सालची एन्फिल्ड. फरक एवढाच की तिच्या नळीच्या आत तीन सर्पिल खाचा होत्या. खाचांची बंदूक नवी नव्हती. पण तिच्यात घट्ट गोळी ठोकून बसवावी लागे आणि त्यात फार वेळ जाई. मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १८५० च्या आगेमागे लांबट, बुडाशी पोकळ गोळी प्रचारात आणली. ती सहज आत सरकते, आणि बार उडाला की बूड फुगून खाचांत रुतते, त्यामुळे गोळी एकाच आसाभोवती फिरत सरळ जाते. एन्फिल्डच्या गोळीचे तत्त्व हेच. रॉबिन्सने दाखवलेली भलती गिरकी येथे शिस्तीत आणली गेली. एन्फिल्डच्या मागच्या पट्टीवर नऊशे यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. आणि दोन-तीनशे यार्डांवरचा माणूस खरोखरच तिच्या टप्प्यात आला होता. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून भडका उडाला. पण ज्यांनी ते काडतूस नाकारले त्यांच्या हातात उरली ती बहुतांशी जुनी, गुळगुळीत नळीची बंदूक. आणि भिल्ल-कोळ्यांसारख्यांच्या हातात तर तोड्याची बंदूक, तलवार आणि तीरकमठा. एक बाजू तीनशे पावलांवरून मारू शकते आणि दुसरीला पन्नास-साठ पावलांपर्यंत जावे लागते, हे त्या युद्धाचे एक कठोर सत्य आहे.

येथे आमच्या गावच्या माणसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तात्या टोपे मूळचे येवल्याचे. १८१४ च्या सुमारास त्यांचा जन्म येथे झाला असे मानतात. १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेच्या काठी ह्यू रोजशी त्यांनी समोरासमोर लढाई दिली आणि ती ते हरले. ग्वाल्हेर गेल्यावर मात्र त्यांनी शक्यतो तसा सामना टाळला. फौज हलती ठेवली, नर्मदा ओलांडली, आणि १८५९ च्या एप्रिलमध्ये विश्वासघाताने पकडले जाईपर्यंत इंग्रजांच्या तुकड्यांना मागे मागे फिरवले. याला पळापळ म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ती अंतराची जाण वाटते. ज्याचे हत्यार आखूड आहे त्याने केव्हा जवळ जायचे आणि केव्हा दूर राहायचे हे ओळखणे हीच त्याची युद्धकला.

आणि मी काय केले होते? माझ्या भिल्लाला तीनशे पावलांवरून मारणारी बंदूक देऊन त्याचे सगळे शौर्य मी त्याच्या हातून काढून घेतले होते! तीनशे पावलांवर, खडकाआड, त्याला भय कशाचे? त्याला सरपटत जावे लागत नाही, कुत्रे भुंकेल म्हणून श्वास रोखावा लागत नाही, पहिली गोळी चुकली तर दुसरी भरायला सवड मिळणार नाही हे जाणून चाप ओढावा लागत नाही. मी त्याला मोठा करायला गेलो आणि लहान करून बसलो. आमच्या कित्येक कादंबऱ्यांतल्या पराक्रमाची हीच गत आहे. लेखक नायकाला संकटाच्या वर उचलून ठेवतो आणि मग वाचकाने त्याच्या धैर्याने थक्क व्हावे अशी अपेक्षा करतो.

दुसरीही एक गोष्ट या पल्ल्यात हरवते. शाळेमागच्या रानात पन्नास पावलांवर मुलाच्या तोंडावरचे दाबलेले हसू दिसत होते. तीनशे पावलांवर फक्त सदरा होता. सदऱ्याला मारणे सोपे असते. पन्नास पावलांवर माणूस दिसतो. तो तरुण आहे, दमला आहे, घाम पुसतो आहे. ठासणीच्या बंदुकीने मारणाऱ्याला बहुधा हे पाहूनच मारावे लागे. कादंबरीला जर कशात रस असावा तर तो या पाहण्यात.

६

शिकारकथेच्या बाबतीत मला हेच जाणवते. जिम कॉर्बेटला लहानपणी जी पहिली बंदूक मिळाली ती ठासणीची दुनळी होती आणि तिची एक नळी निकामी झालेली होती. त्या बंदुकीच्या कमकुवतपणानेच त्याला रान शिकवले असावे. ज्याला दुरून मारता येत नाही त्याला जनावराच्या जवळ जायला शिकावे लागते, वारा पाहावा लागतो, पाऊल वाजू द्यायचे नसते. आमचे व्यंकटेश माडगूळकर तर आणखी पुढे गेले. शिकारीचा नाद असलेल्या या लेखकाने पुढे बंदूक ठेवून दिली आणि तो नुसता पाहू लागला. वानरांच्या टोळीवरचे 'सत्तांतर' १९८२ साली आले. त्यात कुठेही बंदुकीचा बार नाही. पण त्यातली दृष्टी ही नेम धरायला शिकलेल्या माणसाचीच आहे.

आज आपल्याकडे शिकार उरलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद केली, आणि हे योग्यच झाले. आमच्याच तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटांचे कळप मोकळे फिरतात. मी ते पाहायला वरचेवर जातो. माणूस एका ठराविक अंतरात आला की कळपातले एखादे मान वर करते, आणखी दहा पावले टाकली की सगळा कळप उधळतो. ठासणीच्या बंदुकीने किती वंशांना ही मोजणी शिकवली असेल, कोण जाणे.

पण शिकार गेली तशी बंदुकीची ओळखही गेली. पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वी गावातला निदान एक वाचक तरी असा असे की ज्याने बार भरला आहे, आणि लेखकाला त्याची धास्ती असे. आजच्या वाचकाला बंदूक माहीत आहे ती पडद्यावरची; ती कधी भरावी लागत नाही आणि तिच्या धुराने समोरचे दिसेनासे होत नाही. वाचक तपासू शकत नाही, म्हणून लेखकाला मोकळीक मिळाली असे आपण समजतो. मला वाटते, उलट आहे. जेथे गिऱ्हाइकाला पारख असते तेथे दुकानदाराचा प्रामाणिकपणा ही सोय असते. पारख नसते तेथे ते कर्तव्य होते. आमच्या गावचा पैठणी विणणारा कारागीर पदराच्या उलट्या बाजूचा धागाही नीट बसवतो. नेसणारीला ती बाजू दिसत नाही, हे त्याला ठाऊक असते.

७

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची होती. प्रकाशकांचे म्हणणे होते की आहे तशीच छापू. कोणी तक्रार केलेली नाही. मी एक प्रकरण परत मागून घेतले आणि पुन्हा लिहिले. आता माझा भिल्ल टेकडीवर नाही. तो कापणीला आलेल्या बाजरीतून पोटावर सरकत येतो. पन्नास पावले उरतात तेव्हा त्याला साहेबाचा चेहरा दिसतो आणि तो आपल्याच वयाचा आहे हे कळते. मग तोडा कानाला लागण्याआधी जो एक क्षण जातो, त्या क्षणावर मला अडीच पाने लिहावी लागली. पूर्वी ते सगळे एका वाक्यात झाले होते. नवी पाने जुन्या वाक्याइतकी झळझळीत नाहीत हे मी जाणतो. गोळी कपाळात बसत नाही; खांद्याखाली लागते आणि साहेब संध्याकाळपर्यंत जिवंत राहतो.

पाने छापायला देण्यापूर्वी ती सुभेदारांना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आता लागते गोळी."

मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"पण मास्तर, तुमचा तो गडी रात्रभर बाजरीत पालथा पडलाय म्हणता. दिवस आश्विनातले. दव पडतं. त्याची रंजक कोरडी कशी राहिली?"

प्रकरण पुन्हा टेबलावर आहे.